शिवाररस्ता, उभे ट्रेलर आणि दगडखाण : ग्रामसभेत काय मागाल?



आजची पत्रिका खतांच्या मात्रेची नाही, बियाण्याच्या वाणाचीही नाही. तरीपण ती पिकाचीच आहे. कशी, ते आधी सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत खेड तालुक्यातल्या एका गावी मी रब्बी कांदा पाहायला गेलो होतो. पात पांढरट पडली होती. कास्तकाराने फुलकिडे समजून दोन फवारण्या केल्या होत्या. पैसे गेले, पण पात काही सुधारली नाही. मी खिशातला रुमाल ओला केला आणि एक पात पुसली. खाली हिरवीगार! रुमालावर राहिली ती खडीची धूळ. बांधापलीकडच्या रस्त्यावरून दर काही मिनिटांनी डंपर जात होता.

"खाणीला परवानगी केव्हा मिळाली?" मी विचारले. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही, साहेब," ते म्हणाले. मग आम्ही दोघे ग्रामपंचायतीत गेलो आणि ग्रामसभेचे जुने इतिवृत्त काढले. ना हरकतीचा ठराव तिथे होता. खाली हजेरीच्या सह्या होत्या आणि त्यांत त्यांचीही सही होती. त्या दिवशी चाकणच्या बाजाराला कांदा भरायचा होता, म्हणून सही करून ते लगेच उठले होते. ठराव त्यानंतर झाला.

बंधूंनो, ही चूक आपल्यापैकी कोणाच्याही हातून होईल. म्हणून रस्त्यावरच्या गाड्या आणि शिवारातली खाण यांचा निर्णय कोण घेतो, कधी घेतो आणि त्यात आपल्याला काय मागता येते, ते आज पाहू.

रस्ता कोणाचा, ते आधी ओळखा

१९६२ साली पिंपरी-चिंचवडला औद्योगिक वसाहत आली. पुढे कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी या बाजूला सरकले. कारखान्याला माल आणणारे ट्रेलर मात्र आत जायची वेळ होईपर्यंत बाहेर थांबतात, आणि ते बाहेर म्हणजे पुष्कळदा आपल्या गावचा रस्ता. अशा गाडीविषयी तक्रार कोठे करायची, हे रस्ता कोणाचा आहे त्यावर ठरते.

१) गावठाणातले आणि वाड्यावस्त्यांचे अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे.
२) ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे.
३) प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे.
४) वसाहतीच्या आतले रस्ते औद्योगिक विकास महामंडळाकडे.
५) पुणे-नाशिक मार्गासारखे रस्ते राष्ट्रीय महामार्गाच्या यंत्रणेकडे.

आपला रस्ता यांपैकी कोणता, हे ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात विचारले की कळते. रस्त्याचा क्रमांक अर्जात लिहावा. क्रमांक नसलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

उभ्या गाड्यांचे काय करायचे?

सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने दिलेला आहे. टपरी, खडीचा ढीग, कुंपण हे सगळे त्यात येते. चालत्या-उभ्या वाहनांवर कारवाई करायची ती मात्र पोलिसांनी. १५ ऑगस्ट २०१८ पासून चाकणचा भाग पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे. म्हणून 'या रस्त्यावर जड वाहन उभे करू नये' किंवा 'शाळेच्या वेळेत जड वाहन येऊ नये' असा आदेश हवा असेल, तर ग्रामसभेचा ठराव आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडे पाठवावा लागतो. असे आदेश मोटार वाहन कायदा १९८८ खाली निघतात. आदेश निघाला की फलक लागला पाहिजे. फलक नसला तर चालक म्हणतो, मला काय माहीत! त्यामुळे ठरावातच फलकाची जागा लिहावी.

आदेश निघेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करणे हा त्याच कायद्याच्या कलम १२२ खाली दोष आहे. दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी उचलून नेण्यास पोलीस कलम १२७ खाली सांगू शकतात. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ टिपून ठेवा. मोबाईलवर फोटो काढताना मागे ओळखीची खूण येऊ द्या, मग ते शाळेचे फाटक असो वा मैलाचा दगड. रात्री मागचा दिवा बंद ठेवून उभा ट्रेलर दिसला, तर ११२ क्रमांकावर लगेच कळवा. त्या अंधारात आपलाच पोरगा दूध घालून मोटारसायकलवर परत येत असतो.

आणखी एक गोष्ट. गाड्यांना 'इथे नको' म्हणताना 'मग कुठे' याचेही उत्तर गावाने द्यावे. वाहनतळासाठी औद्योगिक विकास महामंडळाकडे मागणीचा ठराव करा. कोणी आपल्या पडीक जमिनीत गाड्या उभ्या करू देणार असेल, तर आधी नियोजन प्राधिकरणाची परवानगी घ्यावी. आपल्या पट्ट्यातल्या बहुतेक गावांसाठी हे काम २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण पाहते. गायरान मात्र यासाठी परस्पर वापरता येत नाही. ते गुरांचे आहे, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी राखण्याविषयी कडक शब्दांत बजावले आहे.

शेतावर जाण्याची वहिवाट कोणी अडवली, मग ती गाडीने असो वा दगडमातीच्या ढिगाने, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची आहे. 'बघू पुढच्या हंगामात' म्हणाल, तर मुदत निघून जाईल.

खाणीचा कागद कसा फिरतो?

आपल्याकडचा काळा पाषाण, मुरूम, डबर यांना कायद्यात गौण खनिज म्हणतात. जमीन आपली असली तरी खालचे खनिज शासनाचे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ४८ सांगते. खाणपट्टा देतात जिल्हाधिकारी, आणि त्यासाठी २०१३ चे गौण खनिज नियम आहेत. ब्रासमागे, म्हणजे १०० घनफुटांमागे, स्वामित्वधन भरावे लागते आणि प्रत्येक गाडीसोबत वाहतूक पास लागतो. विनापरवाना उत्खनन केल्यास खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे.

पूर्वी लहान खाणीला पर्यावरण मंजुरी लागत नसे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही ती लागेल असे ठरवले. खडी फोडायचे यंत्र बसवायचे तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही घ्यावी लागते.

खाणीच्या प्रकरणात ग्रामपंचायतीचे ना हरकत पत्र किंवा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. शेवटचा शब्द जिल्हाधिकाऱ्यांचा असतो, हे खरे. गावाने नुसते 'नको' लिहिले तर त्याला फार वजन येत नाही. पण कोणत्या गटात विहीर आहे, शाळा किती अंतरावर आहे, पाट कोठून जातो हे लिहिलेला ठराव फायलीत असला, तर त्याची दखल घ्यावी लागते. उलट, कोरे ना हरकत पत्र गेले की पट्टा काही वर्षांसाठी बांधला जातो आणि मग आपण धूळ पुसत बसतो.

इथे एक समजून घ्या. खडी आपल्यालाही लागते. विहिरीचे बांधकाम, गोठा, गावचा रस्ता यांतले काहीच तिच्याशिवाय होत नाही. म्हणून खाण कोठे, किती खोल आणि तिच्या गाड्या कोणत्या वाटेने, हे तीन प्रश्न सोडवायचे आहेत.

ठरावात या अटी लिहून घ्या

१) गाड्यांची वाट : डंपर कोणत्या रस्त्याने जातील ते गट क्रमांकांसह लिहावे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेत वाहतूक बंद ठेवावी. माल ताडपत्रीने झाकावा.

२) भार : ग्रामीण रस्ता भरलेल्या डंपरसाठी बांधलेला नसतो. क्षमतेपेक्षा जादा भार नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. रस्ता खराब झाल्यास दुरुस्ती कोण करणार, हे आधीच लिहून घ्यावे.

३) धूळ : खडीयंत्रासाठी केंद्राच्या पर्यावरण नियमांतच पाच गोष्टी सांगितल्या आहेत. यंत्राला बंदिस्त आवरण, वारा अडवणारी भिंत, आवारात पक्का रस्ता, जमीन झाडून ओली ठेवणे आणि कडेने झाडांचा पट्टा. त्या जशाच्या तशा ठरावात उतरवा.

४) सुरुंग : स्फोट परवानाधारक माणसानेच करावा. ठरलेल्या वेळी आणि आधी भोंगा वाजवून करावा. खाण सुरू होण्यापूर्वी जवळच्या विहिरी आणि घरे यांचा पंचनामा फोटोसह करून घ्यावा. आधीचा पंचनामा नसला, तर पुढे भिंतीला तडा गेला तरी तो जुनाच आहे असे सांगतील.

५) पाणी : खोदाई भूजलाच्या पातळीखाली गेली की आसपासच्या विहिरींचे पाणी खाणीकडे ओढले जाते. म्हणून खोलीची मर्यादा लिहा. जवळच्या चार-पाच विहिरींची पातळी दर महिन्याला दोरीने मोजून वहीत मांडा. हे काम शेतकऱ्यानेच करायचे. त्याला फक्त दोरी आणि वही लागते.

६) कुंपण आणि शेवट : बंद खाणीत पावसाचे पाणी साचते आणि पोहायला गेलेली मुले त्यात बुडतात. खाण चालू असताना कुंपण, आणि बंद करताना काठ उतरता करून देणे, या दोन्ही अटी हव्यातच.

खाणीमुळे बाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी जमा होतो. पिण्याचे पाणी, आरोग्य, शाळा यांसाठी त्याची मागणीही याच ठरावातून करावी.

ग्रामसभेला जाताना

वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी संख्या पुरते. म्हणजे हजाराच्या गावात शंभर जण बसले की सगळ्या गावाच्या नावाने निर्णय होतो! नोटीस फळ्यावर लागली की विषयपत्रिका पूर्ण वाचा. 'ऐनवेळचे विषय' या ओळीवर खास लक्ष ठेवा. आपला विषय असेल तर आधीच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा होते. विहिरीचे पाणी आणि शाळेची वाट यांविषयी आयाबायांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते, म्हणून हा विषय तिथेही मांडावा.

सही ठराव वाचून झाल्यावर करावी. इतिवृत्ताची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्यांना अजून ग्रामसेवक म्हणतो त्यांच्याकडे, मागावी. न मिळाल्यास माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज करावा. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. त्याच कायद्याने खाणीच्या परवानगीची आणि तिच्यातल्या अटींचीही प्रत मिळते. अटी मोडल्या जात असतील तर तहसीलदार आणि प्रदूषण मंडळ यांच्याकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे.

तोवर पिकाची काळजी

पात पांढरी दिसली की फवारणीचा पंप उचलण्याआधी ओल्या फडक्याने एक पात पुसून पाहावी. डाग निघाला तर धूळ. चंदेरी ठिपके तसेच राहिले आणि पातीच्या बेचक्यात बारीक पिवळसर किडे दिसले तर फुलकिडे. धूळ बसली की पानाची छिद्रे बुजतात, ऊन कमी मिळते आणि कांदा पोसत नाही. रस्त्याकडेच्या बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावावी. तुषार संच असेल तर सकाळी थोडा वेळ चालवून पात धुऊन घ्यावी. सायंकाळी मात्र पात ओली ठेवू नये, करपा वाढतो. पिकाचे नुकसान झाले असेल तर फोटो आणि तारीख ठेवून तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, आणि कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा.

ज्यांच्या शेतापासून ही गोष्ट सुरू झाली, ते पुढच्या ग्रामसभेला वही घेऊन आले. वहीत त्यांच्या विहिरीची तीन महिन्यांची पातळी होती. डंपरची वाट बदलण्याचा आणि पाणी मारण्याचा ठराव त्या दिवशी झाला. सभा संपेपर्यंत ते जागचे उठले नाहीत. कांदा दुसऱ्या दिवशी भरला.

ही पत्रिका वाचून झाली की शेजाऱ्याला द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पारावर बसून वाचून दाखवा. काही शंका असल्यास कार्यक्रमाकडे पत्र पाठवा, उत्तर जरूर देऊ.