टक्केवारीवर वकील

कोर्ट फी स्टँपचा हिशेब या आठवड्यात मांडायचा होता, तो पुढे ढकलतो. वकीलपत्रावरचा माझा लेख वाचून नाहूरच्या एका वाचक बाईंनी विचारलेला प्रश्न जास्त निकडीचा आहे. त्यांचे पती लोकलमधून पडून वारले. एक वकील म्हणतात, आत्ता एक रुपयाही नको, रेल्वेकडून भरपाई आली की त्यातले पंचवीस टक्के द्या. हे मान्य करावं का? माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे, आणि ते केवळ नियमावर बोट ठेवून दिलेलं नाही. नियम तर आहेच. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 20 प्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. 1954 साली मुंबईतल्याच एका वकिलाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. वसुलीतला निम्मा वाटा त्यांनी अशिलाकडून ठरवून घेतला होता. दोन तिऱ्हाइतांमधला असा करार भारतात चालला असता, पण वकिलाने तो करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं न्यायालयाने ठरवलं. 2017 साली बी. सुनीता प्रकरणात न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांनी हेच पुन्हा बजावलं. तिथेही पती अपघातात गेलेली एक स्त्रीच होती. टक्केवारीच्या फीसाठी तिच्याकडून घेतलेला चेक वटला नाही म्हणून तिच्यावर फौजदारी तक्रार झाली होती. ती तक्रार न्यायालयाने रद्द केली.

यावर आक्षेप येतो तो असा: गरिबाकडे आधी द्यायला पैसे नसतात, टक्केवारी नसेल तर त्याला वकीलच मिळणार नाही, अमेरिकेत हे उघडपणे चालतं, मग इथे का नको? आक्षेप वजनदार आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा. अमेरिकेत वकील जोखीम घेतो. हरला तर त्याचे कष्ट वाया. शिवाय भरपाई किती, हेही बरंचसं त्याच्या कसबावर ठरतं. रेल्वेच्या दाव्यात यातलं काय उरतं? रेल्वे कायद्याच्या कलम 124-अ प्रमाणे प्रवासी गाडीतून अपघाताने पडला तर चूक रेल्वेची होती हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूची भरपाई 1 जानेवारी 2017 पासून आठ लाख रुपये ठरलेली आहे. वकील कितीही निष्णात असला तरी मूळ आकडा नऊ लाखांवर जात नाही. तरीही पंचवीस टक्क्यांनी दोन लाख त्याचे.

जोखीम अगदीच नसते असं मात्र नाही. माणूस पडला नाही, रूळ ओलांडत होता, असं रेल्वे अनेकदा म्हणते आणि खरी लढाई तिथेच होते. पण त्या लढाईचे बरेचसे कागद पहिल्या एक-दोन दिवसांतच तयार झालेले असतात. स्टेशन मास्तरांनी लोहमार्ग पोलिसांना दिलेला मेमो, त्यातली वेळ आणि जागा, पंचनाम्यात खिशात पास सापडल्याची नोंद, शवविच्छेदनाचा अहवाल. एवढे झेरॉक्स वाचले की जाणत्या वकिलाला दावा किती भक्कम आहे याचा अंदाज येतो. पास किंवा तिकीट सापडलं नाही तरी दावा आपोआप बुडत नाही, हे 2018 च्या रीना देवी निकालाने स्पष्ट केलं आहे. म्हणजे कागद भक्कम असतील तर टक्केवारीला जोखमीचा आधार राहत नाही. आणि कच्चे असतील तर टक्केवारीवाला ते प्रकरण हातात धरेल याची खात्री नाही. गरिबाला वकील मिळतो म्हणून जी सोय सांगितली जाते, ती गरजेच्या वेळीच हात सोडू शकते.

मग पैशांचं काय? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि असे दावे जिथे चालतात त्या रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढेही तो लागू होतो. या वाचक बाई त्यात थेट बसतात. मुंबई उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा. मोफतचा वकील लक्ष देत नाही, अशी तक्रार ऐकू येते आणि ती नेहमी खोटी नसते. तसं झालं तर वकील बदलून मागावा. खासगीच हवा असेल तर ठरावीक रक्कम, हप्त्यांनी, निकाल काहीही लागो तीच, असं कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. टायपिंग, नोटरी आणि तारखांचा खर्च त्यातच धरला आहे की वेगळा, तेही लिहावं. कोऱ्या चेकवर सही देऊ नये. फी थकली म्हणून वकिलाला कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे, तेव्हा त्या भीतीने चुकीच्या माणसाकडे अडकून राहायचं कारण नाही.

रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे अर्ज घटनेपासून एका वर्षात व्हायला हवा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नये. फीची बोलणी लांबली तरी मेमो आणि पंचनाम्याच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज याच आठवड्यात करावा.