आधी शेजाऱ्याची माफी, मग उपास

आपल्यात कुणी एकादशी करतो, कुणी रोजा धरतो. यहुदी लोकांचाही एक मोठा उपास आहे. त्याचं नाव योम किप्पूर. म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. तो भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येतो.

यहुदी आपल्याला परके नाहीत. अलिबाग-पेणच्या बाजूला ते शेकडो वर्षे राहिले. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणतात. बोली मराठी, आडनावे गावावरून: दिवेकर, पेणकर, नवगावकर. पुष्कळांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ साली इस्राएल देश झाला. त्यानंतर बरीच घरे तिकडे गेली. थोडी अजून इथेच आहेत.

कोकणात ते या उपासाला दरफाळणीचा सण म्हणत. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे आणि प्रार्थना करायची.

उपास मोठा कडक. आदल्या दिवशी सूर्य मावळण्याआधी जेवायचं. मग दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत, सुमारे २५ तास, अन्न नाही आणि पाण्याचा घोटही नाही. कामधंदा नाही, अंघोळ नाही, पायात चामड्याचा जोडा नाही. लहान मुलांना मात्र उपास नसतो. आजाऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर त्याने खाल्लंच पाहिजे. जीव उपासापेक्षा मोठा.

पण उपाशी राहणं हे काही सगळ्यांत अवघड काम नव्हे. त्यांचा मिश्ना नावाचा जुना धर्मग्रंथ आहे. तो सांगतो: देवाचा अपराध केला असेल, तर या दिवशी त्याची क्षमा होते. माणसाचा अपराध केला असेल, तर आधी त्या माणसाचं समाधान करा.

म्हणजे काय? समजा, एकाने शेजाऱ्याचा बांध कोरला. मग त्याने कितीही उपास केला, तरी ते पाप फिटत नाही. जमीन परत द्यायची. शेजाऱ्याच्या दारी जाऊन माफी मागायची. त्याने ऐकलं नाही, तर तीन माणसं घेऊन पुन्हा जायचं. असं तीनदा करायचं. आणि ज्याच्याकडे माफी मागितली, त्यानेही मन दगडाचं करायचं नाही.

रात्री मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा वाजतो. उपास सुटतो. कोकणात दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणत. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचं, सोयऱ्यांना भेटायचं.

उपास कोणत्याही धर्माचा असो. बांधापलीकडच्या माणसाशी अबोला धरून केला, तर तो कुणाच्या पदरात पडायचा?