स्कॅनरला चकवा

रुग्णालयात चुकीची गोळी चुकीच्या पेशंटला जाऊ नये, यासाठीची सगळ्यात गाजलेली युक्ती सुचली ती भाड्याच्या गाडीवरून. अमेरिकेत टोपेका इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सू किनिक नावाच्या परिचारिका होत्या. १९९२ मध्ये भाड्याची गाडी परत करताना त्यांनी पाहिलं, कर्मचाऱ्याने हातातल्या यंत्राने बारकोड टिपला आणि काम झालं. गाडीचं जमतं, मग औषधाचं का नाही?

टोपेकात तसा प्रयोग उभा राहिला. आधी पेशंटच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करायची, मग औषध. पेशंट, औषध, मात्रा, वेळ यांत कुठे मेळ बसला नाही तर संगणक तिथल्या तिथे टोकतो. माजी सैनिकांच्या देशभरातल्या रुग्णालयांनी पुढे हीच पद्धत घेतली.

पण खरी गंमत यंत्र वॉर्डात आल्यावर सुरू होते. संशोधक रॉस कोपेल आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णालयांची पाहणी करून २००८ मध्ये अभ्यास छापला. स्कॅनरला बगल देण्याच्या १५ तऱ्हा त्यांना सापडल्या. कुणी पेशंटच्या बारकोडची जादा प्रत दाराच्या चौकटीला चिकटवलेली, कुणी ट्रॉलीला, तर कुणी चक्क कमरेच्या कडीत अडकवलेली! म्हणजे पेशंट खाटेवर आणि त्याची ओळख दाराला.

सिस्टर कामचुकार होत्या का? मुळीच नाही. अभ्यासात कारणंही ३१ निघाली. मनगटावरची पट्टी भिजलेली, कधी पेशंटने चावलेली. औषधावरचा बारकोड चुरगळलेला. स्कॅनरची बॅटरी उतरलेली, नेटवर्क गायब. वीस खाटांना वेळेत औषध द्यायचं तर माणूस वाट काढणारच. यंत्र घेताना वॉर्डातल्या बाईला कुणी विचारत नाही, हे माझ्या मते खरं दुखणं.

आपल्याकडे अडचण त्याही आधीची, कात्रीची. दहा गोळ्यांची स्ट्रिप कापून चार पेशंटांत वाटली, की हातातल्या तुकड्यावर कधी अर्धं नाव उरतं, कधी नुसती चांदी. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. पण तो औषध अस्सल आहे का ते पडताळायला. खाटेवरचा माणूस तोच आहे का, हे त्यातून कसं कळणार? त्यासाठी प्रत्येक सुट्या गोळीला स्वतंत्र वेष्टन आणि बारकोड लागतो.

तोवर एवढं करा. सिस्टरने तिसऱ्यांदा नाव विचारलं तरी वैतागू नका, पूर्ण नाव सांगा. आणि खिडकीजवळची खाट मोकळी झाली म्हणून न विचारता तिकडे जाऊन झोपू नका.