गोणीतला बटाटा

दिवाळीची आवराआवर संपली की मी गच्चीवर गोण्या मांडते. आमच्या पुण्यात बटाट्याला हाच हंगाम मानवतो. कंद धरायला रात्रीचा गारवा लागतो; पारा तिशीपार राहिला तर नुसता पालाच माजतो.

बेणं मंचरच्या बाजारातून आणते, बहुतेक वेळा कुफरी ज्योती जातीचं. आठवडाभर उजेडात ठेवलं की डोळ्यांतून आखूड, जाड कोंब फुटतात. मोठा बटाटा कापायचा झाला तर प्रत्येक फोडीवर दोन डोळे राखते आणि काप सुकू देते. ओला काप मातीत कुजतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गोणी सुरुवातीला निम्मीच भरायची: माती, मुरलेलं शेणखत, थोडं कोकोपीट. रोप वीतभर झालं की बुंध्याशी भर घालायची, तीन आठवड्यांनी पुन्हा. बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीखालच्या खोडाचा फुगलेला शेंडा आहे. तो उघडा पडला, ऊन लागलं, की हिरवा होतो, त्यात सोलॅनिन हे विष वाढतं. असा बटाटा मी नातवंडांच्या ताटात कधीच येऊ देत नाही.

पाण्याचा हात आवरता हवा. पहिल्या वर्षी मी रोज पाणी घातलं, गोणीला भोकं नव्हती. उपसली तेव्हा आंबूस वासाचा चिखल निघाला. फार वाईट वाटलं.

विटांच्या वाफ्यात पाणी सांभाळणं सोपं जातं, पण गोणीची गंमत काढणीत. पाला पिवळा पडून वाळला की पाणी तोडते, दहा दिवसांनी गोणी चादरीवर उलटी करते. नातवंडं मातीत हात घालून बटाटे मोजत बसतात.