छातीवरचे भूत आणि आपले मन

शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत आजही कुणाला रात्री भयंकर स्वप्न पडले, की सकाळी घरात कुजबुज सुरू होते. कुणी म्हणते बाहेरची बाधा, कुणी म्हणते करणी. मग भगत येतो, कोंबडा येतो आणि मजुरीचे चार पैसे जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांतूनही ही भीती पूर्णपणे गेलेली नाही, हे कटू सत्य आहे.

विज्ञान काय सांगते? झोपेच्या ज्या अवस्थेत ठळक स्वप्ने पडतात, त्या अवस्थेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो. म्हणून स्वप्नात पळालो तरी आपण अंथरुणातच असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून मोकळे होतात. तेवढा वेळ हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते. हेच ते छातीवरचे भूत! अपुरी झोप आणि सतत बदलणाऱ्या पाळ्या यांमुळे हे जास्त होते. मुरबाडच्या एमआयडीसीत रातपाळी करणाऱ्याला किंवा आसनगावहून पहाटेची लोकल धरणाऱ्याला भगताची नव्हे, झोपेची गरज असते.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे काहींना कळते. या अवस्थेत डोळे मात्र हलू शकतात. १९७५ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून, स्वप्नातून खूण मिळवली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनीही हेच स्वतंत्रपणे दाखवून दिले. ओळखले, की भीतीचा जोर ओसरू लागतो.

बंधू-भगिनींनो, ही ओळख जागेपणी अधिक गरजेची आहे. मुकादम टाकून बोलतो. तो राग गाडीतून घरी येतो आणि पोरांच्या पाठीवर उतरतो. तथागतांनी सतिपट्ठान सुत्तात चित्तानुपस्सना सांगितली, ती यासाठीच. मनात राग आहे तर ‘राग आहे’ असे जाणायचे, गेला तर ‘गेला’ असे जाणायचे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मन हेच सर्वांचे केंद्र मानले आहे.

हे काम फक्त भिक्खूंचे नाही. ब्रह्मदेशातील सयाजी ऊ बा खिन हे कारकुनापासून महालेखापाल झाले आणि त्यांनी आपल्या कचेरीतील कर्मचाऱ्यांनाही विपश्यना शिकवली. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले. कसारा घाट चढून गेल्यावर इगतपुरीला त्यांचे धम्मगिरी केंद्र आहे. तेथे दहा दिवसांच्या शिबिराला फी नाही.

दहा दिवस रजा मिळत नसेल, तर रोज दहा मिनिटे शांत बसा, श्वास पाहा, मनात काय आले ते नुसते ओळखा. तेच वाईट स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, तर दिवसा ते वहीत लिहा, शेवट बदलून लिहा आणि तो नवा शेवट रोज थोडा वेळ मनात आणा. हा मानसोपचारातलाच उपाय आहे. मात्र कानात आवाज येत असतील, झोपच उडाली असेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर ध्यानावर विसंबू नका. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, सरकारची १४४१६ ही मोफत ‘टेलि-मानस’ सेवा आहे. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

आणि उद्या सकाळी घरातले मूल घाबरून उठले, तर अंगारा लावू नका. त्याला जवळ घ्या आणि विचारा, “बाळा, काय पाहिलंस?”