साऊंडवाल्याने पाहिलेला मायकल जॅक्सन

गणपती आणि नवरात्राचा सीझन संपला की आम्हा साऊंडवाल्यांना जरा उसंत असते. तशात १ नोव्हेंबर १९९६ ला मी अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये मायकल जॅक्सन बघितला. मावसभावाला ऑफिसातून दोन पास मिळाले होते. मी तेव्हा ऑर्केस्ट्रांना साऊंड द्यायचो, त्यामुळे मैदानात शिरल्यावर माझी नजर आधी स्पीकरवर गेली.

बाहेरचा गाजावाजा पेपरांत येऊन गेलाच आहे. आयोजन शिव उद्योग सेनेचं, पुढाकार राज ठाकरे यांचा. विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेने औक्षण केलं, मायकल ‘मातोश्री’वर जाऊन बाळासाहेबांना भेटला, युती सरकारने करमणूक कर माफ केला आणि मुंबई ग्राहक पंचायतीने त्यावरून कोर्टाची पायरी चढली. मला सांगायचंय ते आतलं.

आम्ही स्टेजपासून शंभरेक मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे तिथला ठेका आमच्या कानी पोचायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागणार. पडद्यावर पाय मात्र लगेच पडलेला दिसणार. नाचणाऱ्या माणसाच्या बाबतीत एवढा फरकसुद्धा खटकतो. मोठ्या मैदानात मागच्या लोकांसाठी मध्येच वेगळे स्पीकर उभे करतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तितकाच उशिरा सोडतात, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आपल्याकडच्या सभांमध्ये ‘बंधू-बंधू आणि भगिनींनो-भगिनींनो’ होतं ते यामुळेच.

‘हिस्टरी’ दौऱ्याची सुरुवात पडद्यावरच्या अंतराळप्रवासाने व्हायची. प्रवास संपता संपता यान खरोखरच स्टेजवर उगवलं आणि त्यातून सोनेरी-चंदेरी पोशाखातला मायकल बाहेर आला. आमच्या जागेवरून तो करंगळीच्या नखाएवढा. नीट दिसण्यापुरतंच बोलायचं तर घरचा टीव्ही बरा.

नाचाच्या बऱ्याच गाण्यांत आवाज टेपवरचा होता. मला ते श्वासावरून कळलं. एवढ्या गिरक्या घेतल्यावर माईकमध्ये धाप ऐकू यायला हवी, ती नव्हती. जॅक्सन फाइव्हच्या काळातली गाणी आली तेव्हा आवाज थोडा खरखरीत झाला, ओळ संपताना श्वास लागला. मी म्हटलं, “आता खरा गातोय बघ.” मावसभाऊ म्हणाला, “गप रे, बघू दे.” त्याचंही बरोबरच होतं. आमच्या गायकांना जागेवर उभं राहून एक कोळीगीत म्हटलं तरी पाण्याची बाटली लागायची.

मग ‘बिली जीन’ आलं. मायकल एक बॅग घेऊन आला, ती उघडली. काळं चकचकीत जाकीट काढून अंगात घातलं. हातमोजा चढवला. मग हॅट. संगीत बंद. एक माणूस कपडे घालतोय, एवढंच चाललं होतं, आणि सगळं मैदान किंचाळत होतं. ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मध्ये चार सेकंद गेले तरी निवेदक घाबरतो, आणि हा माणूस ती पोकळीच विकत होता! तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी स्पीकरकडे बघायचं कधीच सोडलंय. शेजारच्या अनोळखी काकू खुर्चीवर चढल्या होत्या, मी त्यांना हाताने आधार देत होतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कॅसेटमध्ये हे सापडत नाही. कॅसेटला काकू नसतात.

परतल्यावर ऑर्केस्ट्रातल्या ‘ज्युनिअर मायकल’ने मला गाठलं. तेव्हा प्रत्येक ऑर्केस्ट्रात असा एक असायचाच. त्याला ‘स्मूथ क्रिमिनल’मधलं सरळ अंगाने पुढे झुकणं हवं होतं. ती बुटांची करामत आहे: टाचेत खाच असते, स्टेजमधून वर येणाऱ्या खिळ्यात ती अडकवायची आणि झुकायचं. मायकल आणि त्याच्या दोन साथीदारांना १९९३ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंटही मिळालंय. हा पठ्ठ्या मोच्याकडून टाचा कापून आणायला तयार होता. मी त्याला आमचं स्टेज दाखवलं: पिंपांवर फळ्या, वर सतरंजी. त्यात खिळा कुठे ठोकणार? त्याने फळी पायाने हलवून बघितली आणि मूनवॉकवरच भागवायचं ठरवलं. फक्त तेवढ्यापुरती सतरंजी काढा म्हणाला.