बारा शब्द टाकले म्हणजे पैसे हलले असं नाही

‘जुनं वॉलेट नकोसं झालं होतं. नवं ॲप घेतलं, त्यात जुनेच बारा शब्द टाकले, सगळी शिल्लक दिसायला लागली. जुनं ॲप काढून टाकलं. आता काळजी नाही.’ क्रिप्टो बाळगणाऱ्या लोकांकडून हे इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ऐकताच धास्ती वाटते. बोलणारा माणूस जपून वागणारा असतो, धोका टाळावा म्हणूनच त्याने हे केलेलं असतं, आणि धोका मात्र जिथल्या तिथे असतो.

गैरसमजाचं मूळ असं, की नाणी ॲपमध्ये असतात असं आपण धरून चालतो. ती तिथे नसतात. ती ब्लॉकचेनवर एका पत्त्याच्या नावे नोंदलेली असतात. तो पत्ता प्रायव्हेट कीमधून निघतो आणि ती की वॉलेट बनवताना मिळणाऱ्या त्या बारा गुप्त शब्दांतून. ॲप फक्त शिल्लक दाखवतं आणि आपण सांगू त्या व्यवहारावर त्या कीने सही करतं. मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट, फँटम ही सगळी हे शब्द बीआयपी-३९ या २०१३ सालच्या मानकातल्या २,०४८ शब्दांच्या एकाच यादीतून घेतात. म्हणून एका ॲपचे शब्द दुसऱ्यात चालतात. पण शब्द तेच तर सहसा की तीच, पत्ताही तोच. पैसे जागचे हललेले नसतात. आपण त्याच कुलपाची आणखी एक किल्ली बनवलेली असते, आणि पहिली किल्ली कुणाच्या हाती लागली असेल तर ती अजूनही चालते.

हे पुस्तकी वाटत असेल तर ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना नेटवर्कवर काय झालं ते पाहा. एका रात्रीत आठ हजारांहून जास्त वॉलेटं रिकामी झाली. कुणी चुकीच्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं. तपासात समोर आलं, की हे पत्ते कधी ना कधी स्लोप नावाच्या मोबाइल वॉलेटमध्ये तयार झालेले, आयात केलेले किंवा वापरलेले होते. ऑटरसेक या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की स्लोपचं ॲप वापरकर्त्याचे गुप्त शब्द एरर नोंदवणाऱ्या सर्व्हरवर पाठवत होतं आणि तिथे ते साध्या, वाचता येईल अशा मजकुरात साठत होते. फटका फँटम वापरणाऱ्यांनाही बसला. फँटमने तेव्हाच सांगितलं, की स्लोपमध्ये खाती आयात करण्याशी किंवा तिथून आणण्याशी याचा संबंध दिसतो. त्यानंतर स्लोपने वापरकर्त्यांना दिलेला सल्ला नीट वाचा: पूर्णपणे नव्या शब्दांचं वॉलेट तयार करा आणि सगळी मालमत्ता तिकडे पाठवा. ॲप बदला, एवढं सांगून ते थांबले नाहीत, कारण तेवढ्याने भागत नव्हतं.

जुन्या ॲपवर पूर्ण भरवसा आहे, फक्त त्याची मांडणी आवडत नाही, तर शब्द आयात करायला हरकत नाही. पण जरा जरी शंका असेल, म्हणजे शब्दांचा फोटो काढला होता, ते कुठे पेस्ट केले होते, फोन हरवला होता, कुणा ‘सपोर्ट’वाल्याला सांगितले होते, तर नवे शब्दच हवेत. नव्या ॲपमध्ये ‘नवीन वॉलेट’ निवडा, ‘आयात’ नको. शब्द हाताने कागदावर लिहा. मग पैसे येण्याआधीच ॲप काढून टाका, पुन्हा बसवा, कागदावरून वॉलेट परत उभं करा आणि पत्ता तोच येतो का ते बघा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. कागदावरचा एखादा शब्द चुकला असेल तर तो याच वेळी कळलेला बरा.

पाठवताना क्रम महत्त्वाचा. इथेरियमवर यूएसडीटीसारखं टोकन हलवायचं असेल तरी गॅसची, म्हणजे व्यवहाराची, फी इथर या तिथल्या मूळ नाण्यातच भरावी लागते. म्हणून आधी टोकन पाठवायचे आणि इथर सगळ्यात शेवटी. उलट केलं, की टोकन डोळ्यांना दिसतात आणि हलत नाहीत, आणि लोक घाबरून मदत शोधायला टेलिग्रामवर जातात. भामटे तिथेच बसलेले असतात. ‘वॉलेट मायग्रेट करायला बारा शब्द इथे भरा’ असं सांगणारं प्रत्येक पान चोराचं. खऱ्या हस्तांतराला फक्त समोरचा पत्ता लागतो.

‘आधी थोडी रक्कम पाठवून बघितली की झालं,’ हेही अर्धंच खरं आहे. मे २०२४ मध्ये एका व्यक्तीने चाचणी म्हणून ०.०५ इथर योग्य पत्त्यावर पाठवले. लगेच चोराने हुबेहूब दिसणाऱ्या पत्त्यावरून तिच्या खात्यावर एक क्षुल्लक व्यवहार टाकला. पत्त्याची पहिली चार आणि शेवटची सहा अक्षरं तीच होती. तिने व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलला आणि १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनचं टोकन), म्हणजे जवळपास ७ कोटी डॉलर, चोराकडे गेले. बोलणी होऊन बहुतेक रक्कम परत मिळाली, पण असं क्वचितच होतं. तेव्हा पत्ता दर वेळी नव्या वॉलेटच्या ‘रिसीव्ह’ पानावरूनच घ्यावा आणि मधली अक्षरंही वाचावीत. कॉपी केलेला पत्ता परस्पर बदलणारे व्हायरसही असतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘स्क्रीनशॉट माझ्याच फोनमध्ये आहे, कोण बघतंय?’ स्पार्ककॅट बघत होता. फोटोंमधला मजकूर वाचून हे शब्द शोधणारा हा मालवेअर गुगल प्ले आणि ॲपल, दोन्हीकडच्या ॲपांत सापडल्याचं कॅस्परस्कीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं.

‘आयात केल्यावर शिल्लक शून्य दिसते, म्हणजे पैसे गेले.’ बहुतेकदा नाही. काही वॉलेटं त्याच शब्दांतून वेगळ्या मार्गाने पत्ते काढतात, काहींमध्ये टोकन हाताने जोडावं लागतं. आधी आपला पत्ता ब्लॉक एक्स्प्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, टाकून बघा.

‘यूएसडीटी म्हणजे यूएसडीटी, नेटवर्क कुठलंही चालेल.’ नाही. ट्रॉन नेटवर्कचा पत्ता टीने सुरू होतो, इथेरियमचा शून्य-एक्सने. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क हवं.

‘चुकलं तर बँकेसारखी तक्रार करू.’ पक्का झालेला व्यवहार मागे फिरवणारं कुणी नसतं.

‘स्वतःच्याच वॉलेटमध्ये पाठवलं तरी ३० टक्के कर.’ भारतातला २०२२ पासूनचा हा कर विक्री-अदलाबदलीतून होणाऱ्या नफ्यावर आहे. आपल्याच दुसऱ्या पत्त्यावर नाणी नेणं ही विक्री नव्हे. मात्र दोन्ही पत्ते आपलेच होते हे दाखवता यावं म्हणून तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा हॅश लिहून ठेवा.

जुन्या शब्दांचा कागदही लगेच फाडू नका. त्या पत्त्यावर स्टेक केलेली नाणी किंवा उशिरा येणारा एअरड्रॉप (फुकट वाटलेली नाणी) राहिला असेल, तर ते बाहेर काढायला तेच शब्द लागतात.